शेवट अचानकही वाटतो आणि आधीच कळतोही : नाटकातली पेरणी आणि बदलती नाती

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं कशाबद्दल आहे ते वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचं दोन अंकी नाटक आहे. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीतला फ्लॅट, मोतीबिंदूमुळे नीट न दिसणारे निवृत्त वडील, त्यांना सांभाळणारी मुलगी आणि अधूनमधून येणारा धाकटा मुलगा. शेवटच्या प्रवेशात वडिलांना कळतं की मुलीने सोसायटीच्या कागदांसोबत आणखी एका कागदावर सही घेतली आणि फ्लॅट आपल्या नावावर करून घेतला. पहिल्या वाचनाला सगळे म्हणाले, शेवट अचानक आला. म्हणून तुम्ही पहिल्या प्रवेशात मुलीचा एक फोन घातलात : "बाबांना इतक्यात काही कळता कामा नये." दुसऱ्या वाचनाला सगळे म्हणाले, हे तर पहिल्या दहा मिनिटांतच कळलं. तुम्ही विचारता, पुढच्या घटनेची चाहूल द्यायची तरी किती? आणि दुसरा प्रश्न, बापलेकीचं नातं बदलत जातं ते दाखवायचं कसं, कारण संवादात आणलं की ते सांगितल्यासारखं वाटतं.

मला हे दोन प्रश्न वाटत नाहीत. तीसेक वर्षं नाटकं बसवतो आहे आणि ज्या ज्या संहितेत पेरणी, म्हणजे ही आधीची चाहूल, फसलेली पाहिली, तिथे नात्यांचं कामही फसलेलंच होतं. पेरायची गोष्ट दोन माणसांच्या मधे पडलेली हवी. ती कोण कुणाला देतं, कोण कुणापासून लपवतं, कोण कुणासाठी उचलून ठेवतं, यातून त्या क्षणाचं नातं दिसतं. पुढे तीच गोष्ट परत येते तेव्हा तिच्याभोवतीची माणसं बदललेली असतात, आणि प्रेक्षकाला दोन्ही गोष्टी एकदम कळतात : काय होणार होतं ते, आणि कोण कुणाचं राहिलं नाही ते.

तुमचा फोन पडला तो 'जास्त सांगितलं' म्हणून नाही. त्या वाक्याला रंगमंचावर दुसरं कामच नव्हतं. पलीकडे कोण आहे ते दिसत नाही, समोर कुणी नाही, वाक्य सरळ प्रेक्षकाला सांगितलेलं आहे. प्रेक्षक अशा बिनकामाच्या वाक्यावर लगेच बोट ठेवतो.

मराठीत हे काम कुठे फार चांगलं झालंय ते एका नाटकावरून सांगतो. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. 1967 साली रंगायन या नाट्यसंस्थेने केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. तुम्ही वाचलं असेलच, पण आता पुन्हा फक्त पहिली पाच पानं काढा आणि सामंताच्या हातांकडे बघा.

मुंबईची एक हौशी मंडळी गावातल्या हॉलमध्ये अभिरूप न्यायालयाचा, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्याचा, प्रयोग करायला आलेली आहेत. बाकीचे मागे आहेत. गावातला सामंत आणि शाळेत शिकवणारी बेणारे पुढे येऊन हॉल उघडतात. सामंताच्या हातात कुलूपकिल्ली आहे, पुतण्यासाठी घेतलेला कापडी हिरवा पोपट आहे आणि एक पुस्तक आहे. तीन साध्या वस्तू. गावातला भिडस्त, मदत करायला उत्सुक माणूस असंच काहीतरी हातात घेऊन येणार. आपण त्या वस्तूंकडे पाहतो ते सामंत कसा आहे हे कळावं म्हणून, आणि ते कळलं की त्या वस्तू विसरून जातो.

आणि येताच बेणारेचं बोट कडीत सापडतं. सामंत सांगतो की ही कडी अशीच आहे, नीट सरकत नाही, जराशी बाहेर राहिली आणि दार ओढलं गेलं की माणूस आत अडकलाच. पुढे जे होणार आहे ते इथे जवळजवळ शब्दशः सांगितलेलं आहे. सगळं सांगूनसुद्धा कुणाला शंका येत नाही, कारण त्या क्षणी आपलं लक्ष कडीकडे नसतं. ते दुखऱ्या बोटाकडे असतं. एक शाळामास्तरीण एका अनोळखी, लाजाळू माणसासमोर बोट चोखत उभी आहे, आणि त्याला काय करावं कळत नाही. ती मोकळी होत जाते, त्याच्या जवळ सरकते, तो अवघडून मागे होतो. आपण तेवढंच बघत राहतो.

हे नाटक आम्ही एकदा महाविद्यालयातल्या मुलांना घेऊन बसवत होतो. बेणारे करणारी मुलगी गुणी होती आणि तिने सगळं नाटक नीट वाचलेलं होतं. तिथेच अडचण झाली. बोट सापडलं की ती दाराकडे वळून एक क्षण रोखून पाहायची. तिला पुढचं माहीत होतं आणि ते महत्त्वाचं आहे हे तिला दाखवायचं होतं. पहिल्या तालमीत मला काही खटकलं नाही. चौथ्या-पाचव्या तालमीला आमचा प्रकाशयोजना करणारा मुलगा, ज्याने संहिता वाचलेलीच नव्हती, मागून सहज म्हणाला, "ती दारात अडकणार आहे ना?" मी तालीम थांबवली. तिला म्हटलं, दाराकडे बघायचंच नाही. बोट तोंडात घाल आणि सामंताकडे बघ, आणि आपल्याला कुणीतरी विचारपूस करतंय याचा जो आनंद आहे तो घे. शाळेत दिवसभर मुलांच्या बोटांना फुंकर घालणारी बाई आहेस तू, तुझ्या बोटाची चौकशी कुणी केलेली नाही बऱ्याच दिवसांत. तिने तसं केलं आणि दार दिसेनासं झालं. सामंत करणाऱ्या मुलाचंही काम आपोआप सुधारलं, कारण आता त्याच्याकडून कुणालातरी काही हवं होतं.

पुढे, तालीम म्हणून बेणारेलाच आरोपी करून चालवलेल्या खटल्याचा फास आवळत आल्यावर, बेणारे पिशवी उचलून निघते. आतून कडी काढते. दार उघडत नाही. बाहेरची कडी पडलेली आहे. आमच्या प्रयोगाला या जागी प्रेक्षागृहात जी शांतता झाली ती मला अजून आठवते. लोकांना ते वाक्य आठवलं होतं, आणि त्याबरोबर ते दुखरं बोट, ती हसरी बाई आणि तिची चौकशी करणारा माणूसही. तो माणूस आताही तिथेच आहे, पण साक्षीदार म्हणून.

दुसरी वस्तू पुस्तक. ठरलेला एक सभासद येऊ शकत नाही म्हणून चौथ्या साक्षीदाराचं काम सामंताला मिळतं. त्याला कोर्टाची काही माहिती नाही, म्हणून तर ही तालीम खेळासारखी सुरू होते. हा भला माणूस साक्ष द्यायची म्हणून आपल्या हातातल्या कादंबरीतला मजकूर रचून सांगतो : बेणारे मंडळींतल्याच, पण आज न आलेल्या प्राध्यापक दामल्यांकडे कशी गेली, काय बोलणं झालं. त्याच्या दृष्टीने तो मंडळींना मदत करतोय. पण बेणारेला दामल्यांपासून खरंच दिवस गेलेले आहेत, त्यामुळे ती कल्पित साक्ष खऱ्याला जाऊन लागते, आणि नंतर ती कल्पित आहे याच्याशी कोर्टाला काही देणंघेणं राहत नाही. ज्या माणसाजवळ बेणारे सगळ्यात आधी मोकळी झाली, त्याच्याच तोंडून तिच्यावरचा सगळ्यात मोठा घाव येतो, आणि त्याने तो मुद्दाम घातलेला नाही. सामंताचं नातं बदलावं म्हणून तेंडुलकरांनी त्याला दुष्ट केलेलं नाही. माणूस तसाच भला राहतो, त्याची जागा बदलते. तुमच्या मुलीच्या बाबतीत हे फार उपयोगी आहे, त्यावर पुढे येतो.

तिसरी वस्तू पोपट. पहिल्या अंकाच्या अखेरीस बेणारे तोंड धुऊन, चिमणी आणि पोपटाचं ते लहान मुलांचं गाणं गुणगुणत बाहेर येते. चिमणीचं घरटं कुणीतरी नेलं आहे, असं ते गाणं. आणि तशीच गुणगुणत आलेली असताना तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. खेळातला आरोप, पण सगळ्यांचे चेहरे बदलतात. नाटकाच्या शेवटी मंडळी पुन्हा पहिल्यासारखी होतात, जणू काही झालंच नाही, आणि बेणारे तशीच पडून राहते. सामंताला काय करावं कळत नाही. तो तो हिरवा पोपट तिच्या जवळ ठेवतो, पण लांबूनच, आणि निघून जातो. कुठूनतरी तेच गाणं ऐकू येतं. सुरुवातीला हा माणूस तिच्या जवळ येण्याने मागे सरत होता. शेवटीही तो अंतर राखूनच आहे, पण हातातली एकुलती कोवळी गोष्ट तिच्यासाठी ठेवून गेला आहे. त्याचं तिच्याशी असलेलं सगळं नातं त्या दोन अंतरांत आहे, आणि त्याबद्दल एक शब्द कुणी बोलत नाही.

आणखी एक धागा दाखवतो, कारण तो वस्तूचा नाही. त्याच सुरुवातीच्या संभाषणात बेणारे सामंताला आपल्या मंडळींची ओळख करून देते, टर उडवत. काशीकरबाईंना पाळणा हलवणारा हात म्हणून नाव ठेवते, आणि त्यांच्या घरात पाळणाच नाही. सुखात्मे वकील आहेत आणि बाररूममध्ये एकटे माश्या मारत बसतात. पोंक्षे शास्त्रज्ञाचा आव आणतो आणि इंटर नापास आहे. प्रेक्षागृहात हशा पिकतो. पात्रपरिचय म्हणून हे इतकं झकास आहे की त्यात दुसरं काही असेल असं वाटतच नाही. पण बेणारेने इथे प्रत्येकाची दुखरी जागा सांगून ठेवली आहे. पुढे खटला चालू होतो तेव्हा माश्या मारणाऱ्या वकिलाला अशील मिळतं, मूल नसलेल्या बाईला गर्भवती बाईवर बोलायचा अधिकार मिळतो, नापास शास्त्रज्ञाला पुरावा मिळतो. प्रत्येकजण आपलं उणं तिच्यावर भरून काढतो. तिने ज्यांची खिल्ली उडवली ते तिच्यावर सूड घेत नाहीत, त्यांना ती खिल्ली माहीतच नाही. आपल्याला मात्र माहीत आहे, म्हणून त्यांच्या प्रत्येक उलटतपासणीत आपल्याला दोन नाती एकदम दिसतात. आणि ज्या आरोपाने सगळं सुरू झालं, त्याचा शेवट कसा होतो? भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारं कोर्ट अखेर तिच्या पोटातला गर्भच नष्ट करण्याची शिक्षा फर्मावतं. ही उलटापालट पहिल्या अंकाच्या शेवटच्या वाक्यात घालून ठेवलेली आहे.

काशीकरबाईंकडे तर खास लक्ष द्या. नवरा त्यांना येताजाता गप्प बसवतो. आपल्याला त्यांची दया येते. आणि पुढे त्याच बाई बेणारेला हाताला धरून पिंजऱ्याकडे ओढत नेतात. नातं बदललं हे प्रेक्षकाला कुणी समजावून सांगत नाही. ज्या बाईचा आवाज दाबला जात होता, तिला दुसऱ्या कुणावर तरी हात टाकायची मुभा मिळाली, इतकंच दिसतं. बेणारे हे नाटकाचं केंद्र आहे खरं, पण नाती केवळ तिच्याशी बदलत नाहीत. काशीकर नवराबायकोंचं, काशीकरबाई आणि त्यांच्या आश्रयाला असलेल्या रोकड्याचं, सगळंच जाळं एकदम हलतं. अनेक नव्या संहितांत मी हेच कमी पाहतो. मुख्य जोडीचं नातं बदलतं आणि बाकीची माणसं खांबासारखी उभी असतात. तुमच्या नाटकात धाकटा भाऊ तसा उभा आहे.

पुढच्या घटनेची चाहूल आजच्या साध्या बोलण्यात लपवायची ही युक्ती आपल्याकडे नवी नाही. नाट्यशास्त्रात तिला पताकास्थानक म्हटलं आहे आणि भरताने तिचे चार प्रकार सांगितले आहेत. सगळ्यात सुंदर उदाहरण भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात आहे. सीता रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपलेली आहे. राम तिच्याकडे बघत म्हणतो, हिचं काय प्रिय नाही, असह्य आहे तो फक्त विरह. आणि तेवढ्यात प्रतीहारी येऊन म्हणते, "देव, उपस्थितः" : महाराज, आला आहे. ती सांगते आहे दुर्मुखाबद्दल, जो लोकापवादाची बातमी घेऊन दारात उभा आहे. पण रामाच्या वाक्याला जोडून ऐकलं की विरहच दारात आला आहे. प्रतीहारीला काही सुचवायचं नाही. ती आपलं रोजचं काम करते आहे. चाहूल देणाऱ्या पात्राला आपण चाहूल देतोय हे माहीत नसावं, हा धडा मी तिथून घेतला. तुमच्या फोनवरच्या मुलीला मात्र ते पुरेपूर माहीत आहे.

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तलं फक्त एकच घेतो, वाड्यातल्या भावांपैकी एक असलेल्या चंदूच्या पायाची जखम. अंगणात बंद पडून असलेल्या ट्रॅक्टरला लागून ती होते. घरात वडील, तात्याजी, गेलेले, तेराव्याच्या खर्चावरून भावाभावांत धुसफूस, सोन्याच्या वाटणीचा विषय प्रत्येकाच्या मनात. या सगळ्यात चंदू लंगडत कामं करतो. जखम सगळ्यांना दिसते आणि प्रत्येकजण आपापल्या घाईत पुढे जातो. ती जखम चिघळणार याची चाहूल आहेच, पण प्रत्येक वेळी ती कुणाचं कुणावर किती लक्ष आहे हेही मोजते. एकच गोष्ट दोन कामं करते आहे.

आता तुमच्या नाटकाकडे येतो. तुमच्याकडे एक फार चांगली गोष्ट आधीच आहे आणि तुम्ही ती वापरलेलीच नाही : वडिलांना वाचता येत नाही आणि मुलगी त्यांना वाचून दाखवते. फोन काढून टाका. पहिल्या प्रवेशात सोसायटीचं पत्र येऊ द्या आणि मुलीला ते वाचून दाखवू द्या. सगळं, अगदी प्रामाणिकपणे. जावक क्रमांक, दिनांक, "आपला विश्वासू" आणि त्याखालचं सचिवाचं नाव धरून. ती कंटाळून मधली कंटाळवाणी ओळ गाळायला जाईल तेव्हा वडिलांनी तिला पकडावं : "सुमे, एक ओळ गाळलीस." ती हसून परत वाचेल. वडील आयुष्यभर कार्यालयात टिपणं तपासत आलेले आहेत, वाक्य कुठे तुटतं ते त्यांना कानानं कळतं, आणि याचा त्यांना अभिमान आहे. इथे प्रेक्षक हसेल आणि बापलेकीचा जिव्हाळा त्याला कळेल. त्याला वाटेल प्रवेशाचं काम एवढंच होतं.

दुसऱ्या वेळी, मध्यंतराच्या जरा आधी, ती पुनर्विकासाचे कागद वाचते. आता ती मुद्दाम एक ओळ गाळते. तुम्ही संहितेत फक्त इतकं लिहा : सुमन वाचता वाचता थांबते, पान उलटते, पुढे वाचते. वडील ऐकत आहेत. ते काही बोलत नाहीत. सही करतात. झालं. त्यांना कळलं नाही, की कळूनही ते गप्प राहिले? हे मध्यंतरात चहाच्या रांगेत लोकांना बोलू द्या. माझा स्वतःचा कल सांगतो : त्यांना कळलं होतं असं धरून लिहा, पण नटाला ते दाखवू देऊ नका. त्याला एवढंच सांगा की पेन हातात घ्यायला नेहमीपेक्षा एक श्वास जास्त लागतो.

एक व्यवहाराची गोष्ट मधेच सांगतो, नाहीतर विसरेन. फ्लॅटचं बक्षीसपत्र नुसत्या सहीनं होत नाही. त्याला दोन साक्षीदार लागतात आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी लागते. तुमच्या प्रेक्षकांत अनेकजण त्या कार्यालयात अंगठा आणि फोटो देऊन आलेले असतात. ते तुमच्यावर विश्वास ठेवणार नाहीत. म्हणून नोंदणीला जाणं दोन अंकांच्या मधे घडू द्या आणि दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला दोघं तिथून परत आलेली दाखवा, वडिलांच्या अंगठ्याला शाई आहे आणि ती मुलगी ओल्या फडक्यानं पुसते आहे. हा प्रवेश तुम्हाला फुकट मिळतो. आपल्या हातून जे घडलं ते ती पुसते आहे, पण रंगमंचावर एक मुलगी म्हाताऱ्या बापाचा हात पुसते आहे, इतकंच.

आणि इथे सामंताचा विचार करा. सुमनला लबाड करू नका. बारा वर्षं तिने वडिलांचं केलं, भाऊ पाहुण्यासारखा येत राहिला, आणि घर मात्र दोघांत सारखं वाटलं जाणार आहे. तिला जे वाटतं ते चूक नाही. तुमच्या आताच्या संहितेत ती दुसऱ्या अंकात अचानक तिरसट बोलायला लागते, कारण तुम्हाला नातं बदललेलं दाखवायचं आहे. उलट करा. सही घेतल्यानंतर ती वडिलांशी जास्त गोड वागू द्या. गोळ्या वेळेवर, सूप गरम, पायाला तेल. ज्याच्याबद्दल अपराधी वाटतं त्याची माणूस जास्त सेवा करतो, हे आपण प्रत्येक घरात पाहिलेलं आहे. प्रेक्षकाला त्या गोडव्यातूनच काहीतरी बिघडल्याचं जाणवेल.

आपल्या भाषेत नातं दाखवायची एक सोय आहे जी मला फार मोलाची वाटते. तू, तुम्ही, आपण, अहो, अगं, दादा, बाबा. एका सर्वनामानं पूर्ण प्रवेश फिरतो. 'शांतता!'मध्ये बेणारे ही आपल्याच मंडळींतली एक, चेष्टामस्करीतली बाई असते. खटला सुरू झाल्यावर ती 'आरोपी' होते, आणि नावाआधीच्या 'मिस'वर वजन पडायला लागतं. खेळ म्हणून सुरू झालेलं ते संबोधन कधी खरं झालं, ती घडी सापडतच नाही. तुमच्या नाटकात वडील मुलीला "सुमे" म्हणतात. शेवटच्या प्रवेशात फक्त एकदा "सुमन" म्हणू द्या. रागानं नाही, साध्या आवाजात. पण त्यासाठी आधीच्या सगळ्या नाटकात एकदाही "सुमन" येता कामा नये, कुठल्याही घाईत नाही. संहिता परत तपासा, मला आत्ताच त्यात तीन जागा सापडल्या.

धाकट्या भावालाही काम द्या. आता तो येतो, पैशांबद्दल बोलतो, जातो. त्याच्याकडून ऑपरेशनची तारीख येऊ द्या. पहिल्या अंकात त्याने उगाच भाव खात म्हणावं की मोतीबिंदूचा खर्च मी करतो, बाबांची वेळ मी ठरवतो. सुमनला राग येतो, कारण बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने काहीतरी केलं आणि सगळं श्रेय तो घेऊन जाणार. प्रेक्षक या भांडणात रमेल. त्याच्या लक्षात येणार नाही की वडिलांना दिसायला लागणार, म्हणजे कागद वाचता येणार, हे तुम्ही सांगून टाकलं आहे. जो भाऊ काही करत नाही तोच नकळत बहिणीला उघडं पाडतो. आणि सुमनला ती तारीख पुढे ढकलायची संधी एकदा मिळू द्या. डॉक्टरांचा निरोप तिच्याकडे येतो, ती भावाला सांगायचं विसरली म्हणाली तरी चालणार आहे. ती सांगते. ती स्वतःहून तारीख सांगते, हे लिहा. का सांगते ते लिहू नका. त्या जागी मी दिग्दर्शक असतो तर तिला खिडकीशी पाठमोरी उभी केलं असतं.

पूर्ण नाटकात मध्यंतराचा विचार वेगळा करावा लागतो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या एकांकिकेत पहिल्या पानावरची गोष्ट शेवटपर्यंत डोक्यात राहते. दोन अंकी नाटकात प्रेक्षक बाहेर जातो, वडा खातो, फोन बघतो. पहिल्या अंकातलं जे परत यायचं आहे त्याला दुसऱ्या अंकाच्या पहिल्या दहा मिनिटांत एकदा स्पर्श करून घ्या, पण वेगळ्या निमित्तानं. तुमच्याकडे वाचून दाखवणं आहे. दुसऱ्या अंकात ती वडिलांना वर्तमानपत्रातलं शब्दकोडं वाचून दाखवू शकते. ओळ गाळायचा प्रश्नच नाही, तरी वडील सवयीनं म्हणतात, "नीट वाच." आणि या वेळी तिला हसू येत नाही.

तालमीबद्दल एवढंच सांगतो की नटांना शेवट माहीत असतो, हा या कामातला सगळ्यात मोठा अडथळा आहे. पेरणीच्या जागेवर कुणी विराम घेतला, आवाज खाली आणला, प्रकाशयोजनाकाराने त्या वस्तूवर जरा जास्त उजेड टाकला, पार्श्वसंगीतवाल्याने एक सूर लांबवला, की सगळं फुटतं. मी त्या जागांवर नटाला दुसरं एखादं हातातलं काम देतो. पत्र वाचताना सुमनने भाजी निवडावी. एका हातात मेथीची जुडी, मांडीवर पत्र. मग ओळ गाळली जाते ती मेथीमुळे, आणि दुसऱ्या वेळी, मध्यंतराआधीच्या प्रवेशात, तिच्या हातात काहीच नाही. त्या रिकाम्या हातांबद्दल तिला काही सांगू नका. तिला फक्त जुडी देऊ नका.

शेवटच्या प्रवेशात तुम्ही वडिलांना मोठं स्वगत दिलं आहे. 'शांतता!'मध्ये बेणारेचं स्वगत आहे, म्हणून आपल्याकडे अनेकांना शेवटी स्वगत हवं वाटतं. पण ते स्वगत कुठे येतं बघा. न्यायाधीश झालेले काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतात, आणि ती बोलत असताना बाकीचे सगळे आहेत तसे गोठून जातात. तिचं बोलणं संपल्यावर वेळ संपल्याचं सांगितलं जातं. ती खरोखर बोलली का, की कुणीच काही ऐकलं नाही? ज्या बाईला सबंध नाटकभर बोलू दिलेलं नाही तिला नाटककाराने काळ थांबवून बोलायला जागा दिली आहे. ते तिने मिळवलेलं आहे. तुमचे वडील पहिल्यापासून बोलतच आहेत. त्यांना शेवटी गप्प करा.

ते पट्टी काढून आलेले आहेत. कागद टेबलावर आहे. भाऊ आत सामान बांधतो आहे. वडील नवा चष्मा लावतात, कागद उचलतात आणि मोठ्यानं वाचायला लागतात, जावक क्रमांक, दिनांक, सगळं, जसं तिला वाचायला लावायचे तसं. सुमन दारात उभी आहे. ती ओळ येते. वडील थांबतात. पान उलटतात. आणि पुढची ओळ वाचायला लागतात. "एक ओळ गाळलीत, बाबा" हे वाक्य मी सुमनला दिलं असतं. ते तुम्हाला नको असेल तर आतून भावाचा आवाज येऊ द्या, तो विचारतो आहे की काय वाचताय एवढं मोठ्यानं, आणि वडील म्हणतात, "काही नाही. सोसायटीचं आहे. सुमन, पेन दे."